पात्याची मूठ कोणाच्या हाती? दाढीच्या बाजारातील मक्तेदारी, स्पर्धा आणि सरकार

१/
आजच्या धाग्याचा विषय आहे दाढीचे पाते. वस्तू क्षुल्लक वाटते. पण मक्तेदारी कशी उभी राहते, सरकार ती कशी बहाल करते आणि पुढे तेच सरकार तिला आवर घालण्याचा प्रयत्न कसा करते, हे सारे या एका पात्याच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात पाहता येते. आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तेल, पोलाद आणि रेल्वे यांच्या मक्तेदाऱ्या तोंडपाठ असतात. रोज सकाळी आरशासमोर हाती येणाऱ्या मक्तेदारीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. म्हणून हा प्रपंच. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आरंभ १८९४ पासून करू. त्या वर्षी अमेरिकेत 'द ह्यूमन ड्रिफ्ट' नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक व्यवसायाने फिरता विक्रेता होता. जगातील दैन्याचे मूळ स्पर्धेत आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. शेकडो कारखाने एकच वस्तू बनवतात, एकमेकांना बुडवतात आणि त्यात श्रम व संपत्ती वाया जाते. त्याऐवजी साऱ्या समाजाच्या मालकीची एकच कंपनी असावी आणि तिनेच सर्वांच्या गरजेच्या वस्तू निर्माण कराव्यात. नायगारा धबधब्याच्या शक्तीवर चालणारे 'मेट्रोपोलिस' नावाचे एक महानगरही त्याने कल्पिले होते. या लेखकाचे नाव किंग कँप जिलेट.

३/
काळ लक्षात घ्यावा. चारच वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसने शर्मन कायदा संमत करून व्यापाराची गळचेपी करणारे करार आणि मक्तेदारी बेकायदा ठरवली होती. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलविरुद्ध लोकमत तापत होते. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या कंपनीचे तुकडे झाले. अशा काळात जिलेट मात्र 'एकच कंपनी' हाच समाजाच्या उद्धाराचा मार्ग मानत होता. दहा वर्षांनी त्याला एका वस्तूपुरती खरोखरच मक्तेदारी मिळाली. मात्र तिची मालकी समाजाकडे नव्हती.

४/
बाटलीवर बसणारे पत्र्याचे दातेरी बूच शोधणारा विल्यम पेंटर हा एके काळी जिलेटचा मालक होता. एकदा वापरून फेकून द्यावी लागेल अशी एखादी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येईल, असा सल्ला त्याने जिलेटला दिला होता. १८९५ मध्ये दाढी करताना जिलेटला उत्तर सापडले. तोवर वस्तरा म्हणजे घडीव पोलादाचे जाड पाते. चामड्याच्या पट्ट्यावर रोज घासायचे आणि अधूनमधून सहाणेवर लावायचे. त्याच्या आधी बाजारात आलेल्या सेफ्टी रेझरांतही असेच जाड पाते असे. पाते जर कागदासारख्या पातळ पत्र्याचे केले, तर धार लावण्याची कटकटच संपेल, ही जिलेटची कल्पना.

५/
कल्पना सोपी होती, अंमलबजावणी कठीण. इतक्या पातळ पत्र्याला पाणी देऊन तो कडक करणे आणि तरीही वाकडा न होऊ देणे, हे कोणालाच साधत नव्हते. ते विल्यम निकरसन या अभियंत्याने साधले. १९०१ मध्ये बॉस्टन येथे कंपनी स्थापन झाली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी तिचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी जिलेटला अमेरिकेचे पेटंट मिळाले.

६/
येथे थोडे थांबू. पेटंट म्हणजे सरकारने दिलेली मक्तेदारीच. तुझा शोध जगासमोर उघड कर, त्या बदल्यात ठरावीक काळ दुसऱ्या कोणाला तो वापरू देणार नाही, असा हा करार असतो. त्या काळी अमेरिकेत ही मुदत १७ वर्षांची होती. म्हणजे शर्मन कायद्याने मक्तेदारी निषिद्ध ठरवणारे सरकार आणि पेटंट देऊन मक्तेदारी निर्माण करणारे सरकार एकच होते. यात विसंगती आहेच असे नाही. मुदत हीच त्या दोहोंना जोडणारी अट होती. जिलेटची मुदत १९२१ मध्ये संपणार होती. हे साल लक्षात ठेवावे.

७/
आता एका लोकप्रिय दंतकथेकडे वळू. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवले जाते की जिलेटने रेझर जवळजवळ फुकट वाटले आणि पात्यांवर नफा कमावला. छपाईयंत्र स्वस्त आणि शाई महाग, या आजच्या व्यवहाराचे मूळ तेथे आहे, असे सांगितले जाते. शिकागो विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी जुन्या जाहिराती, किमतीचे तक्ते आणि पेटंटांच्या तारखा एकमेकांशी ताडून पाहिल्या, तेव्हा ही कथा टिकली नाही.

८/
पेटंटच्या १७ वर्षांत जिलेटचा रेझर पाच डॉलरला विकला जात होता. सामान्य कामगाराच्या दृष्टीने ती मोठी रक्कम होती आणि इतर सेफ्टी रेझर त्याहून कितीतरी स्वस्त मिळत. म्हणजे जिलेट रेझरही महाग विकत होता आणि पातीही. तसे तो करू शकत होता, कारण त्या जोडीत दुसऱ्या कोणाला शिरकाव नव्हता. स्वस्त मूठ देऊन गिऱ्हाइकाला अडकवण्याची गरज ज्याला प्रतिस्पर्धी आहे त्याला भासते. कायद्याच्या कुंपणाआड बसलेल्याला ती भासत नाही.

९/
दरम्यान पहिले महायुद्ध आले. १९१८ मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक पाती जिलेटकडून खरेदी केली. लक्षावधी तरुण खंदकांत स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले आणि युद्ध संपल्यावर ती सवय व तो रेझर घेऊनच घरी परतले. सरकारने मक्तेदारी दिली होती. आता गिऱ्हाइकेही मिळवून दिली. हे कोणी कट रचून केले असे नाही. पण बाजारपेठा आपोआप घडतात, या समजुतीला अशा नोंदी छेद देतात.

१०/
१९२१ उजाडले. पेटंट संपण्याच्या काही महिने आधी कंपनीने दोन गोष्टी केल्या. नवा सुधारित रेझर पाच डॉलरला बाजारात आणला आणि जुन्या पद्धतीचा रेझर एका डॉलरला विकायला काढला. रेझर स्वस्त करण्याची युक्ती आली ती या वेळी, मक्तेदारी संपत असताना. गंमत अशी की नफा घटला नाही, उलट वाढला. कायद्याचे संरक्षण गेले, तरी नाव, कारखाना, दुकानदारांचे जाळे आणि लोकांची सवय शिल्लक होती.

११/
पण एक गोष्ट कंपनीच्या हातून निसटली होती: सांधा. मूठ आणि पाते जेथे एकमेकांत बसतात ती जागा. पेटंट संपताच जिलेटच्या जुन्या रेझरात बसणारे पाते कोणालाही बनवता येऊ लागले, आणि अनेकांनी ते बनवलेही. दाढीच्या बाजारातील सत्ता कारखान्याच्या आकारात नसून या सांध्यात आहे, हे तेव्हा प्रथमच स्पष्ट झाले. पुढची जवळजवळ सगळी भांडणे या एका जागेवरून झाली. या धाग्यातले माझे म्हणणेही तेवढेच आहे.

१२/
हे ज्याने अचूक ओळखले तो ऑटोस्ट्रॉप कंपनीचा हेन्री गाइसमन. त्याने अशा रचनेचे पाते तयार केले की ते जिलेटच्या रेझरात बसावे, पण जिलेटचे पाते मात्र त्याच्या रेझरात बसू नये. जिलेटने १९३० मध्ये घाईने आपला नवा रेझर आणि नवे पाते आणले. गाइसमनने आपल्या पेटंटचा भंग झाल्याचा दावा लावला. शेवटी दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण ठरले आणि त्यासाठी हिशेब तपासले गेले.

१३/
त्या तपासणीत धक्कादायक गोष्ट उघड झाली. परदेशांतील आपल्याच उपकंपन्यांकडे पाठवलेला माल विकला गेला असे दाखवून जिलेटने पाच वर्षांत सुमारे १.२ कोटी डॉलरचा नफा फुगवला होता. समभाग कोसळला आणि सूत्रे गाइसमनकडे गेली. महामंदीत संपत्ती गमावलेला किंग जिलेट १९३२ मध्ये वारला. सर्व जगाची एकच कंपनी कल्पिणाऱ्या माणसाच्या हाती अखेरीस स्वतःची कंपनीही उरली नाही. प्रतिस्पर्धी मात्र कंपनीच्या पोटात गेला आणि त्या विलीनीकरणाला कोणी अडवले नाही.

१४/
त्या काळातून एक गोष्ट मात्र सर्वांच्या मालकीची होऊन उरली: मधोमध लांबट खाच असलेले दुधारी पाते. ते आता कोणाचेच नाही. म्हणूनच कलकत्त्याच्या मल्होत्रा घराण्याचे टोपाझ असो की दुसऱ्या कोणाचे, कोणतेही दुधारी पाते कोणत्याही दुधारी रेझरात बसते. आपल्याकडच्या केशकर्तनालयात कारागीर पुडीतले पाते काढतो, मधोमध मोडतो आणि अर्धे पाते वस्तऱ्यात सरकवतो, तेव्हा त्याच्या हाती संपलेल्या पेटंटांचा वारसा असतो. गावोगावी दाढी स्वस्त राहिली याच्या कारणांत या खुल्या सांध्याचा वाटा मोठा आहे.

१५/
पुढचा प्रसंग इंग्लंडमधला. तलवारी घडवणारी विल्किन्सन स्वॉर्ड ही जुनी कंपनी. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने न गंजणाऱ्या पोलादाचे, वर लेप दिलेले पाते बाजारात आणले. ते साध्या पात्याच्या कितीतरी पट टिकत असे. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. या छोट्या कंपनीला मागणी पुरवता येईना. महाकाय जिलेटला असे पाते बनवणे अशक्य होते का? नाही. तिच्याकडे त्या लेपाच्या तंत्राचे पेटंट होते आणि विल्किन्सनला त्यापोटी जिलेटलाच स्वामित्वधन द्यावे लागले.

१६/
मग जिलेट स्वस्थ का बसली? जे पाते जास्त टिकते ते कमी खपते. आपल्याच चालू मालाचा खप घटवणारी वस्तू बाजारात आणण्याची घाई ज्याच्या हाती बहुतांश बाजार आहे त्याला नसते. १९६३ मध्ये, पायाखालची वाळू सरकू लागल्यावरच, तिने आपले न गंजणारे पाते विक्रीस आणले. मक्तेदारीची किंमत केवळ दुकानातल्या भावात मोजायची नसते, असे हा प्रसंग सांगतो. चांगली वस्तू तयार असूनही ती लोकांपर्यंत उशिरा पोहोचणे, हाही त्या किमतीचाच भाग असतो.

१७/
आता सरकारचा प्रवेश. १९६७ मध्ये जिलेटने जर्मनीची ब्राउन ही विजेच्या रेझरांची कंपनी विकत घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय विभागाने खटला भरला. सरकारचा युक्तिवाद असा की ब्राउन आज ना उद्या अमेरिकी बाजारात प्रतिस्पर्धी म्हणून उतरू शकली असती आणि या खरेदीने ती शक्यताच संपली. उद्याच्या स्पर्धेचे रक्षण करण्याचा हा विचार दूरदर्शी होता. पण खटला वर्षानुवर्षे चालला, तडजोडीने मिटला आणि ब्राउन जिलेटकडेच राहिली.

१८/
सांध्याच्या बाबतीत मात्र याच काळात मोठा पालट झाला. १९७१ मध्ये जिलेटने 'ट्रॅक टू' आणला. यात दोन पाती प्लॅस्टिकच्या एका बंद डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, बसवलेली होती आणि ती डबी जिलेटच्याच मुठीवर चढत असे. ५० वर्षांपूर्वी खुला झालेला सांधा पुन्हा बंद झाला. पेटंट संपत आले की नवी रचना, नवी मूठ, नवे पेटंट, असे चक्र सुरू झाले. १९९० चा 'सेन्सर' आणि १९९८ चा 'मॅक थ्री' ही त्याचीच पुढची वळणे. मॅक थ्री घडवण्यास सुमारे ७५ कोटी डॉलर लागल्याचे तेव्हा सांगितले गेले.

१९/
न्याय म्हणून हेही नोंदवायला हवे की या रेझरांनी दाढी अधिक गुळगुळीत आणि कमी रक्तबंबाळ झाली. मक्तेदार नेहमीच आळशी असतो असे नाही. पण एवढा खर्च करून नव्याने बाजारात उतरण्याची ऐपत किती जणांची असणार? बाजारात मोठे म्हणावेत असे तिघेच उरले: जिलेट, शिक आणि विल्किन्सन. बिकचे वापरून फेकण्याचे रेझर होते, पण तो स्वस्त मालाचा वेगळा कप्पा होता.

२०/
१९८९ मध्ये या तिघांपैकी विल्किन्सन विक्रीस निघाली. उघडपणे ती विकत घेणे जिलेटला शक्य नव्हते. म्हणून एमलँड नावाची एक डच कंपनी पुढे झाली. तिने विल्किन्सन घेतली. जिलेटने एमलँडमध्ये २२.९ टक्के भांडवल गुंतवले आणि युरोपीय समुदायाबाहेरचा विल्किन्सनचा व्यवसाय स्वतःकडे घेण्याचे ठरवले. जिलेटच्या समभागांना मताधिकार नव्हता आणि संचालक मंडळात जागाही नव्हती. कागदोपत्री दोन्ही कंपन्या वेगळ्या होत्या.

२१/
अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९० च्या आरंभीच खटला भरला. जिलेटने विल्किन्सनचा अमेरिकेतील व्यवसाय घेण्याचा बेत सोडला. एमलँडमधील भांडवलाचे काय? एमलँडच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही, अशा अटींवर अमेरिकेत ते ठेवू देण्यात आले आणि न्यायालयाने त्या तडजोडीस मान्यता दिली.

२२/
युरोपीय आयोगाने याच व्यवहाराकडे वेगळ्या नजरेने पाहिले. मताधिकार नसला तरी आपला मोठा भागधारक आणि धनको जिलेट आहे, हे विल्किन्सनचे व्यवस्थापन विसरेल का? ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी कोणी जीव तोडून लढेल का? १० नोव्हेंबर १९९२ च्या निर्णयात आयोगाने जिलेटने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याचे ठरवले आणि एमलँडमधील हिस्सा सोडण्याचा आदेश दिला. व्यवहार एक, दस्तऐवज तेच, निवाडे दोन. नियमनाच्या इतिहासात हे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे की मालकी केवळ मतांनी मोजायची नसते, हे युरोपने येथे स्पष्ट केले.

२३/
यानंतर काय झाले? १९९३ मध्ये एमलँडने विल्किन्सन विकली. घेणारी कंपनी होती वॉर्नर लँबर्ट, म्हणजे शिकची मालक. पहिल्या क्रमांकाने तिसऱ्याला गिळू नये म्हणून दोन खंडांतील यंत्रणा झटल्या. अखेर तो दुसऱ्याच्या घरी गेला. तिघांचे दोघे झाले. एक बलाढ्य प्रतिस्पर्धी बरा की दोन दुबळे, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. पण बाजार दोघांचा झाला, ही वस्तुस्थिती.

२४/
दोघांच्या बाजारात भांडण पात्यांच्या संख्येवर आले. २००३ मध्ये शिकने चार पात्यांचा 'क्वाट्रो' आणला. जिलेटने लगेच दावा लावला. तिचे पेटंट तीन पात्यांच्या रचनेचे होते. तीन पात्यांच्या पेटंटात चार पाती येतात का, यावर न्यायालयात गंभीर खल झाला आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की येऊ शकतात. पेटंटाची भाषा तीनपुरती मर्यादित नाही. पुढे दोघांनी तडजोड केली. त्याच २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने सुमारे ५७ अब्ज डॉलरला जिलेट घेतली. फेडरल ट्रेड कमिशन या नियामक संस्थेने काही विभाग विकायला लावले. ते दात आणि घामाशी संबंधित होते. रेझराला हातही लागला नाही, कारण घेणाऱ्याकडे स्वतःचा रेझर नव्हता.

२५/
या दोघांच्या निवांत संसारात व्यत्यय आला तो अनपेक्षित दिशेने. कार्ट्रिज इतकी महाग झाली होती की अनेक अमेरिकी दुकानांत ती कुलपात ठेवली जात. २०१२ मध्ये 'डॉलर शेव्ह क्लब' या नव्या कंपनीची एक विनोदी चित्रफीत जगभर पाहिली गेली. रेझर दक्षिण कोरियाच्या डॉर्को कंपनीचा, विक्री इंटरनेटवरून, माल टपालाने घरपोच. पाठोपाठ २०१३ मध्ये 'हॅरीज' आली. तिने तर पूर्व जर्मनीतील आइसफेल्ड गावचा पात्यांचा जुना कारखानाच सुमारे दहा कोटी डॉलरला विकत घेतला. पाते घडवण्याची विद्या फार थोड्या कारखान्यांकडे आहे. ती ज्याच्याकडे त्यालाच खरी मोकळीक, हे या तरुण मालकांनी ओळखले होते.

२६/
परिणाम दिसायला वेळ लागला नाही. २०१७ मध्ये जिलेटने अमेरिकेत आपल्या किमती सरासरी १२ टक्क्यांनी उतरवल्या. कोणत्याही खटल्याने किंवा आदेशाने हे घडले नव्हते. बाहेरून आलेल्या दोन नवख्यांनी ते घडवले.

२७/
नवखा मोठा झाला की त्याला विकत घ्यावे, हा जुना रिवाज. डॉलर शेव्ह क्लब २०१६ मध्ये युनिलिव्हरने सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली; युनिलिव्हरचा रेझरचा धंदा नव्हता म्हणून ते खपून गेले. २०१९ मध्ये शिकची नवी मालक एजवेल हिने हॅरीजला १.३७ अब्ज डॉलर देऊ केले. फेब्रुवारी २०२० मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने त्याविरुद्ध दावा दाखल केला. भूमिका थोडक्यात अशी: ज्या कंपनीने दोघांचा सुखाचा करभार मोडला, ती त्यांच्यापैकीच एकाच्या पदरी जाता कामा नये. आठवडाभरातच एजवेलने माघार घेतली.

२८/
त्याच वर्षी स्त्रियांसाठी रेझर बनवणाऱ्या 'बिली' या कंपनीवर प्रॉक्टर अँड गँबलची नजर गेली. स्त्रियांच्या रेझराला पुरुषांच्या रेझरापेक्षा जास्त किंमत का, या प्रश्नावरच बिली उभी राहिली होती. डिसेंबर २०२० मध्ये कमिशनने पुन्हा दावा लावला आणि जानेवारी २०२१ मध्ये तोही व्यवहार बारगळला. मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये ३१ कोटी डॉलरला बिली विकली गेली, आणि ती घेतली एजवेलने. पहिल्याने घ्यायची नाही, दुसऱ्याने घेतली तर चालते. १९९३ ची विल्किन्सनची कथा आठवावी.

२९/
या साऱ्याचा निष्कर्ष काय? ज्या प्रसंगांकडे आपण पाहिले, त्यांत सरकारी यंत्रणा जागी झाली ती कोणी कोणाला विकत घेऊ लागले तेव्हा. तिने स्पर्धा निर्माण केली नाही. स्पर्धक विकला जाऊ नये एवढे पाहिले. हे काम लहान नाही. हॅरीज आज स्वतंत्र आहे ती त्यामुळेच. पण मुठीवर कोणाची डबी चढावी, हा प्रश्न त्यांपैकी एकाही खटल्याच्या केंद्रस्थानी नव्हता. सत्ता सांध्यात होती आणि पहारा दाराशी होता.

३०/
सांध्यावर कायदा करणे अशक्य आहे का? युरोपीय संघाने २०२२ मध्ये मोबाइल फोनसाठी एकच चार्जिंग जोडणी सक्तीची करणारा कायदा केला आणि २०२४ च्या अखेरीस तो लागू झाला. म्हणजे इच्छा असेल तर सरकार तेथवर पोहोचू शकते. अर्थात यालाही दुसरी बाजू आहे. सांधा १९०४ मध्येच कायद्याने गोठवला असता तर पुढच्या सुधारणा झाल्या असत्या का, हा प्रश्न योग्यच आहे. दाढीच्या पात्याला समाईक सांधा मिळाला तो पेटंटची मुदत संपल्यामुळे. मुदत हाच येथे सर्वांत परिणामकारक नियामक ठरला, आणि मुदतीला वळसा घालण्याची युक्ती कार्ट्रिजने शोधली.

३१/
हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १९८० च्या दशकात जिलेट भागीदारीच्या मार्गाने भारतात आली. दुधारी पात्याच्या बाजारात देशी कंपन्यांशी टक्कर कठीण होती, कारण तेथे सांधा खुला होता. २०१० मध्ये तिने खास भारतासाठी 'गार्ड' आणला: मूठ १५ रुपये, पाते ५ रुपये. किंमत आपल्या खिशाला परवडणारी, वस्तूही चांगली. मात्र त्या मुठीवर चढते ते गार्डचेच कार्ट्रिज. दंतकथेतला जिलेट, म्हणजे स्वस्त मूठ देऊन पात्यावर कमावणारा, १९०४ च्या अमेरिकेत नव्हता. तो शतकभराने आपल्याच गल्लीतल्या दुकानात दिसतो.

३२/
शेवटी पुन्हा किंग जिलेट. स्पर्धा म्हणजे निव्वळ नासाडी, असे त्याला वाटत होते. त्याच्याच वस्तूचा इतिहास दुसरे काही सांगतो. टिकाऊ पाते लोकांना मिळाले ते विल्किन्सनमुळे, भाव उतरले ते हॅरीज आणि तिच्यासारख्या नवख्यांमुळे. पण स्पर्धा आपोआप टिकते हेही खरे नाही. गाइसमनपासून बिलीपर्यंत अनेक स्पर्धकांचा शेवट विक्रीत झाला. पुढच्या वेळी नवा रेझर घेताना, छपाईयंत्र घेताना किंवा पाणी शुद्ध करणारे यंत्र घेताना एवढेच पाहावे: याच्या आत बसणारी दुसऱ्या कोणाची वस्तू मिळते का? मिळत नसेल, तर आपण जी किंमत देतो आहोत ती पहिला हप्ता आहे.

धागा समाप्त. चूक आढळल्यास जरूर निदर्शनास आणावी, दुरुस्ती करीन.